मधला ‘व’

“मॅडम, रागावू नका हं, पण माझा एक शब्द बदललाय कुणीतरी,” असं ती कादंबरी लिहिणारी मुलगी फोनवर म्हणाली तेव्हा मुद्रितं तपासणाऱ्या तिला आधी हसूच आलं. कुणीतरी म्हणजे कोण? त्या दोन खोल्यांच्या प्रकाशन कचेरीत शब्दांना हात लावणारं तिच्याशिवाय होतं कोण? संपादक बाई पुस्तकं निवडायच्या आणि छापखान्याशी भांडायच्या, पलीकडच्या टेबलावरचा मांडणीवाला अक्षरं लहानमोठी करत बसायचा, आणि शब्द तेवढे तिच्याकडे यायचे, ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी धरून एकेक तपासायला. “सोळाव्या प्रकरणाचा शेवट बघा ना,” मुलगी म्हणाली. “मी ‘तिनं हात सोडला’ असं लिहिलं होतं. नव्या मुद्रितात तिथं ‘सोडवला’ झालंय.” खांद्यानं फोन कानाशी दाबून तिनं कपाटातून पहिलं मुद्रित, म्हणजे छपाईआधी तपासलेला गठ्ठा, काढलं, थुंकी न लावता पानं उलटायची तिची जुनी सवय, त्यामुळे वेळ लागला, पण पान सापडलं. ‘ड’ आणि ‘ला’ यांच्या मधे कावळ्याच्या पावलासारखी खूण, आणि तिच्यावर लाल शाईत एक ‘व’. गरगरीत पोटाचा, ठाम, कुणाला न विचारता येऊन बसलेला. अक्षर तिचंच होतं.

“टायपिंगची चूक वाटली असेल ना तुम्हाला?” मुलीनंच तिला वाट करून दिली. “हो, तसंच असेल,” ती म्हणाली, आणि म्हणतानाच तिला कळलं की तसं नव्हतं. तो ‘व’ लिहिल्याचं तिला आठवतच नव्हतं. “कसंय मॅडम, तो धरून ठेवत नाहीये तिला. त्या प्रसंगात हात तिनंच धरलाय त्याचा. तो नुसता उभा आहे खांबासारखा. म्हणून तर ती सोडते. सोडवायचं काय त्यात?” मागे कुणीतरी वाचायचा चष्मा वेगळा लागेल का असं विचारत होतं, मुलगी दिवसा चष्म्याच्या दुकानात काम करायची आणि सबंध कादंबरी तिनं गिऱ्हाईक नसताना काउंटरमागे बसून लिहिली होती. “आले हं काका, एक मिनिट. मॅडम, एवढा एक ‘व’ काढाल ना? बाकी सगळं तुमचं बरोबर आहे.”

बाकी सगळं तुमचं बरोबर आहे. फोन ठेवल्यावर ती ते लाल अक्षर बघत राहिली. कामाला लागली तेव्हापासून तिचा एक नेम होता. शुद्धलेखन सुधारायचं ते लाल पेनानं, आणि शंका काढायची ती पेन्सिलीनं, समासात, बारीक प्रश्नचिन्ह घालून. लेखकाच्या शब्दाला प्रश्नचिन्हाशिवाय हात लावायचा नाही. हा नेम तिला कुणी दिला नव्हता, तिनंच घेतला होता, आणि नेम आपण घेतलेला असला की मोडताना बघणारं कुणी नसतं, म्हणून तो अधिक जपावा लागतो असं तिला वाटायचं. एका कवीनं एकदा सूर्य पूर्वेला मावळवला होता. तिनं समासात नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं, कवी म्हणाला मुद्दाम आहे, तिनं शब्दाखाली टिंबं दिली, म्हणजे आहे तसं राहू द्या, आणि सूर्य पूर्वेला मावळू दिला. रोज सकाळी पहिल्या पानावर तळवे टेकून ती क्षणभर डोळे मिटायची. देवाजवळ मागायची ते एवढंच, की दुसऱ्याचं ते माझ्या हातून बिघडू नये. खालच्या रखवालदाराचा समज असा होता की बाई आल्याआल्या डुलकी काढतात. आणि आता हा ‘व’. चूक राहून जाणं तिला माहीत होतं, सगळ्यांच्याच राहतात. पण चूक नसलेल्या जागी तिनं चूक लिहिली होती, आणि लिहिताना तिचा हात थरथरलासुद्धा नव्हता.

संपादक बाई बाहेर पडता पडता तिच्या टेबलाशी थांबल्या. “त्या कादंबरीवर पानभर मत द्यायचंय तुम्हाला, लक्षात आहे ना? चांगलं काय, कच्चं काय. मला तर तो नायक पहिल्याच प्रकरणात थोबाडीत देण्याच्या लायकीचा वाटला. पण माझी सून ते हातातून खाली ठेवायला तयार नाही. जेवताना भाजीत चमचा आणि डोळे पुस्तकात. आता सुनेशी वाईटपणा घेऊ, की वाचकांशी?” त्या हसल्या, तीही हसली. कच्चं काय ते तर तिला तोंडपाठ होतं. नायकाच्या डोळ्यांत वादळं इतक्या वेळा उठली होती की एखाद्या बंदराची वाट लागली असती. नायिका म्हणे भाषांतरकार होती, पण पुस्तकभर तिनं एक ओळ भाषांतरित केली नव्हती. तो दार आपटून गेला की ती खिडकीशी, तो आला की दाराशी, एवढंच तिचं काम. तो कुणाला मारायचा, कुणाला तोडून बोलायचा, आणि प्रत्येक वेळी लेखिका लगबगीनं त्याच्या लहानपणाचा दाखला घेऊन यायची, बाप असा होता, आई तशी गेली, जणू दाखला जोडला की अर्ज मंजूर. नायिका दुसऱ्याशी हसून बोलली तर तो तिचं मनगट धरायचा, आणि लेखिका लिहायची ‘हक्कानं’. ‘तिचं मनगट त्यानं हक्कानं धरलं.’ त्या ‘हक्कानं’पाशी तिनं पेन्सिल टेकवली होती, पण प्रश्नचिन्ह काढलं नव्हतं, शब्द शुद्ध होता, व्याकरण निर्दोष होतं, प्रश्न काय विचारायचा? आणि चांगलं काय, तर तेही होतं, आणि ते कबूल करणं जड जात होतं. मुलीचे संवाद तडतड उडायचे. “माझ्यापासून लांब राहा,” नायक गुरगुरतो, तर नायिका म्हणते, “मग बाजूला हो. जिना एकच आहे.” गल्लीतून दहा मोटरसायकली गेल्या तरी त्याची कुठली ते नायिकेच्या मानेला आधी कळतं, पाठीवर ऊन पडावं तसं, असं मुलीनं लिहिलं होतं. त्या ओळीवर तिची पुठ्ठ्याची पट्टी थांबून राहिली होती. तपासायचं थांबलं होतं आणि वाचणं सुरू झालं होतं. कारण ते ऊन तिला माहीत होतं.

कचेरीतून घरापर्यंतचा रस्ता ती पायीच जायची, टायरच्या दुकानावरून, बंद पडलेल्या कारंज्याला वळसा घालून. आज पिशवीत शेवटचं मुद्रित होतं आणि डोक्यात मोटरसायकलचा आवाज. ताईचा नवरा, म्हणजे तिचे भाऊजी, पहिल्यांदा घरी आले तेव्हा खाली मोटरसायकल अशी धडधडली होती की कपाटातल्या कपबशा वाजल्या. बाबांना ते आवडले नव्हते. बाबांना न आवडण्यासारखंच सगळं होतं त्यांच्यात, नोकरी धरायची नि सोडायची, भुवईवर टाके, खोटं बोलताना सरळ डोळ्यांत बघायची सवय. पण ते आले की घराला खिडक्या जास्त असल्यासारखं वाटायचं. आईसुद्धा हसायची. तिला ते एकदा मोटरसायकलवरून फिरवायला घेऊन गेले होते, शाळेतली होती ती तेव्हा. उतारावर त्यांनी वेग वाढवला आणि ती किंचाळली, आणि किंचाळणं कधी हसणं झालं ते तिला कळलं नाही. घरी आल्यावर केसांना वाऱ्याचा वास येत होता. ही गोष्ट तिनं ताईला कधी सांगितली नव्हती. मग लग्नानंतरची ती जेवणाची वेळ, सगळे टेबलाभोवती, ताई मीठ आणायला उठली तर भाऊजींनी बसल्या जागेवरून तिचं मनगट धरलं. “ही कुठं जात नाही,” ते हसून म्हणाले. सगळे हसले. ताईही हसली. ती समोर बसली होती, म्हणून तिला दिसलं की बोटांखालची कातडी आधी पांढरी झाली आणि मग लाल. मीठ शेवटी आईनं उठून आणलं. पुढे बोलण्यातलं हसू कमी झालं, ताईच्या खेपा कमी झाल्या, आणि एक दिवस बाबा आणि ती टॅक्सी करून गेले आणि ताईला सोडवून आणलं. हे वाक्य घरात असंच होतं, घासून गुळगुळीत झालेलं. ‘आम्ही तिला सोडवून आणली.’ बाबा पाहुण्यांना सांगायचे, शेजाऱ्यांना सांगायचे, मनगटावरचे वळ कसे होते तेही सांगायचे, आणि शेवटी म्हणायचे, “ही धाकटी पुढे झाली. हात धरून ओढून आणलं हिनं बहिणीला.” त्या वाक्यात तिला एक जागा होती, आणि आई गेली, बाबा गेले, तरी त्या जागेवर ती बसून होती.

आणि गेल्या आठवड्यात भाऊजींचा फोन आला होता. ताईनंच सांगितलं, कुणाच्या तरी कोटाची शिवण उसवता उसवता. ताई एका कपड्यांच्या दुकानासाठी घरबसल्या मापं सैल-घट्ट करून द्यायची, त्यामुळे तिचं महत्त्वाचं बोलणं नेहमी दातांत दोरा धरून व्हायचं. “भेटू या म्हणतो. सुधारलोय म्हणतो. दारू सोडलीय म्हणे.” मग दोरा तोडून, “त्यानं सोडली की डॉक्टरनं सोडवली, ते विचारायला हवं.” ती हसली नव्हती. “तू जाणार नाहीस,” ती म्हणाली होती. आपण विचारलं नाही, सांगितलं, हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. ताईनं सुईत नवा दोरा ओवायला घेतला होता. तेव्हापासून घरात एक धास्ती होती, ताईची नव्हे, तिची एकटीची. पुस्तकातली नायिका शेवटी परत जाते. विसाव्या प्रकरणात तो दाराशी उभा असतो, सुधारलेला, आणि ती जाते. आणि ताई ते मुद्रित रोज संध्याकाळी तिच्या पिशवीतून काढून वाचत होती.

आजही तिनं पिशवी ठेवली न ठेवली तोच ताईनं गठ्ठा बाहेर काढला. चहाचा कप, चष्मा नाकावर. “पेन्सिल, ह्या तुझ्या हिरोला कामधंदा काय गं?” लहानपणी ती काडीसारखी होती म्हणून ताई तिला पेन्सिल म्हणायची, पुढे ते धंद्यालाही जुळलं. “गॅरेज आहे त्याचं.” “उघडतो कधी? सतराव्या प्रकरणापर्यंत तर कुलूपच आहे.” ताई खुसूखुसू हसत पान उलटत राहिली, आणि तिच्याच्यानं राहवलं नाही. “तुला आवडतं कसं हे, ताई? दुसऱ्या कुणाला आवडलं तर मी समजू शकते. पण तुला? तुला तर सगळं माहितीये.” “माहितीये म्हणूनच,” ताई म्हणाली. “पुस्तकातला माणूस कितीही आदळआपट करू दे, पान मिटलं की गप्प बसतो. केवढी सोय आहे ही! आणि सुरुवात खरी लिहिलीय गं ह्या पोरीनं. सगळं पुढं खोटं ठरलं म्हणून सुरुवात खोटी नव्हती. ती कुणी लिहीतच नाही. बाबांच्या गोष्टीत तर मी पहिल्यापासून रडतेच आहे.” “आणि शेवट? तो सुधारतो, तो?” ताईनं दोन पानं मागे उलटली, गठ्ठा तिच्यापुढे सरकवला. एकोणिसावं प्रकरण पानाच्या वरच्या भागातच संपत होतं. समोरच्या पानावर विसावं. मधे कोरा कागद. ताईनं त्या कोऱ्या जागेवरून इस्त्री फिरवावी तसा तळवा फिरवला. “इथं सुधारलाय तो. ह्या मोकळ्या जागेत. इकडे वाईट होता, तिकडे चांगला.” मग चष्मा काढून म्हणाली, “मी इथं राहत होते ना. ह्याच्यात. बरीच वर्षं काढली. आता सुधारेल, आता सुधारेल.”

कप टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. तिला वाटलं आता बोलू नये, आणि ती बोलली. सोळाव्या प्रकरणाचं, मुलीच्या फोनचं, त्या ‘व’चं. ताईनं पान काढून वाचलं. नायक रक्ताळलेल्या बोटांनी भिंतीशी उभा आहे, नायिकेनं त्याचा हात हातात घेतलाय, तो तिच्याकडे बघतही नाही, आणि शेवटची ओळ, ‘तिनं हात सोडवला.’ ताईला हसू आलं, पण ते तोंडापर्यंत पोचलं नाही. “तू तरी काय करणार? आपल्या घरात तो शब्द असाच लिहितात. सोडवून आणली. बाबा जाईपर्यंत तेच म्हणत होते. मी म्हटलं, असू दे, त्यांना बरं वाटतंय.” “मग काय झालं होतं?” “मला काय विचारतेस? तू तर सगळ्यांच्या पुढे होतीस. काय दिसलं होतं तुला?” तिनं डोळे मिटले. सवयीनं तिनं त्या दिवसाखाली पट्टी धरली आणि एकेक गोष्ट तपासायला घेतली. टॅक्सी. अंधारा जिना. बाबांचा धापा टाकणारा श्वास मागे. पहिल्या वळणावर ताई. वर घरात नाही, दाराआड नाही, जिन्याच्या वळणावर, पायरीवर बसलेली. शेजारी बॅग, पट्टे आवळलेली. पायांत बाहेर जायचे बूट, नाड्या बांधलेल्या. हे सगळं तिनं तेव्हाही बघितलं होतं. बघितलं होतं आणि वाचलं नव्हतं. शब्द तिथे असतो, पण डोळा आपल्याला हवा तोच शब्द वाचून पुढे जातो. नव्या मुलींना तीच तर हे शिकवायची. “तू निघालेली होतीस,” ती म्हणाली. “किल्लीसुद्धा शेजारणीकडे देऊन झाली होती. त्याला सांगूनही झालं होतं. तो वर खुर्चीत बसून होता, रडत होता की झोपला होता, मी बघितलं नाही. मला फक्त जरा बसायचं होतं गं त्या पायरीवर. आपल्याच पायांनी आपण इथवर आलो, ते जरा बघायचं होतं. तेवढ्यात तू आलीस वादळासारखी, मनगट धरलंस आणि ओढलंस. घड्याळाचा पट्टा तुटला माझा.” ती टेबलावरचा चहाचा डाग बोटानं पुसायला लागली. मग जवळजवळ पेन्सिलीनं लिहावं इतक्या बारीक आवाजात तिनं विचारलं, “वळ? बाबा सांगायचे ते?” “त्याचेही होते की. पण ते जुने, बाहीखालचे. ताजा होता तो तुझा, शहाणे.” ताईच्या बोलण्यात राग नव्हता, कोटाची बाही दोन बोटं लांब आहे असं सांगावं तसं तिनं सांगितलं, उठली आणि कप विसळायला गेली. “आणि उद्या दुपारी मी त्याला भेटायला जातेय,” नळ सोडून ती म्हणाली. नळाच्या आवाजात ते वाक्य विरून जाईल असं वाटलं, पण ते स्वच्छ ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरीच मत लिहायला बसली. कच्चं काय ते भराभर उतरलं, वादळं, दाखले, न झालेली भाषांतरं. ‘हक्कानं’पाशी तिनं आता पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं, आणि काढताना तिला स्वतःचं मनगट गरम झाल्यासारखं वाटलं, हक्क तर तिचाही होता, बहिणीचा, आणि हेतूही चांगला होता, भाऊजींनाही बहुतेक आपला हेतू चांगलाच वाटत असणार. पुढे लिहिलं, ‘नायक सुधारतो ते पान लिहायचं राहिलं आहे. ते लिहिता येत नसेल तर नायिकेला परत पाठवावं का, याचा लेखिकेनं विचार करावा.’ मग तिनं ‘पाठवावं’ खोडलं. नायिकेला पाठवणारे आपण कोण? ‘ती जाते का, हे तिलाच विचारावं,’ असं केलं. ते जरा वेडगळ दिसत होतं. तिनं तसंच ठेवलं. चांगलं काय याखाली बराच वेळ काही उमटेना. ताई आतल्या खोलीत कपाट उघडत होती, मिटत होती. शेवटी तिनं लिहिलं, ‘सुरुवात खरी आहे. आणि सोळाव्या प्रकरणाच्या शेवटी नायिका आपण होऊन हात सोडते, तिला कुणी सोडवायला येत नाही. या पुस्तकातलं सर्वांत धीट वाक्य ते आहे.’ मग शेवटच्या मुद्रितातलं ते पान काढून छापील ‘व’वर तिनं उभी रेघ मारली, समासात काढून टाकायची खूण केली. लाल पेनानं. ही दुरुस्ती होती, शंका नव्हती.

“पेन्सिल, जरा इकडे ये,” दुपारी ताईनं हाक मारली. ताई दाराशी उभी होती, इस्त्रीचा राखाडी झगा, बूट, नाड्या बांधलेल्या. ती पुढे येता येता थांबली. या बुटांना ती ओळखत नव्हती, पण असं उभं राहणं ओळखत होती. ताईच्या हातात ते जुनं घड्याळ होतं, जे इतकी वर्षं ड्रॉवरमध्ये पडून होतं. “नवा पट्टा घालून आणला. मेला इतका कडक आहे, एका हातानं लागतच नाही.” ताईनं मनगट पुढे केलं. ती जवळ गेली. मनगट आता बारीक झालं होतं, त्यावर शिरा उठून दिसत होत्या आणि सुईच्या टोचण्यांचे ठिपके होते. वळ अर्थातच नव्हता, कधीचाच नव्हता. तरी तिनं तो शोधला. “राहायला जात नाहीये मी,” ताई तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत म्हणाली. “बघायला जातेय. माणूस सुधारतो म्हणजे कसा दिसतो, ते बघू तरी.” “आणि समजा,” ती म्हणाली, पट्टा बकलातून ओढताना, “समजा खरंच सुधारला असला तर?” “तर तू प्रश्नचिन्ह टाक. पेन्सिलीनं. लाल पेन माझ्यावर चालवायचं नाही.” दोघी हसल्या, ताई मोकळी, ती जरा उशिरा. पट्ट्याचा दांडा भोकात बसला. एक भोक घट्ट झालं म्हणून तिनं काढला, सैल केला, पुन्हा बसवला. आता काही करायचं उरलं नव्हतं, तरी तिची बोटं तिथंच होती. बोटांखाली घड्याळ चालत होतं की ताईची नाडी, सांगता येत नव्हतं. बोटांना नुसतं मिटायचं होतं, बाकी काही नाही, आपणहून, न थरथरता मिटायचं होतं, आणि ती मिटली तर ताई थांबेलही कदाचित, हसेल, चहा टाकेल, पुन्हा कधी बोलणार नाही. “ताई,” तिनं विचारलं, “जायचंय तुला?”

“हो,” ताई म्हणाली.

खाली रस्त्यावरून एक मोटरसायकल गेली, कुणाचीतरी. दोघींनी तिकडे लक्ष दिलं नाही. तिनं पट्ट्याचं उरलेलं टोक कडीत नीट सरकवलं, काचेवरचा ठसा आपल्या पदरानं पुसला, आणि हात सोडला.